गौजिंगनंतर खाच काळी राहते आणि जॉब यूटीत (अल्ट्रासॉनिक तपासणीत) अडकतो. करंट वाढवू का?

भोसरीचा_फॅब:

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं लहान फॅब्रिकेशन शॉप आहे. सध्या प्रेसच्या बेसफ्रेमचं काम चालू आहे. प्लेट ३२ मिमी, आयएस २०६२ ई२५०, जॉइंट डबल व्ही (दोन्ही बाजूंनी खाच), फुल पेनिट्रेशन (वेल्ड प्लेटच्या पूर्ण जाडीत). एक बाजू भरली की जॉब पलटी मारायचा, मागून रूट (जॉइंटचा तळ) उघडायचा, मग दुसरी बाजू भरायची. आजवर रूट ग्राइंडरनेच उघडत होतो. सात इंची ग्राइंडर घेऊन माणसं दिवसभर वाकून बसायची, चाकांचा खर्च वेगळाच. म्हणून आता कार्बन गौजिंग सुरू केलंय, म्हणजे कार्बन रॉडच्या आर्कने लोखंड वितळवायचं आणि हवेच्या झोताने उडवून खाच काढायची.

सामान असं आहे: ४०० अँपियरचा थायरिस्टर रेक्टिफायर, ८ मिमीचे तांब्याचं कोटिंग असलेले कार्बन रॉड, नवी गौजिंग टॉर्च, ५ एचपीचा कॉम्प्रेसर. करंट ३५० ला ठेवतो.

अडचण सांगतो. सुरुवातीला हातभर खाच अगदी चकचकीत निघते. मग मध्येच काळा डाग येतो. तिथे लोखंड उडत नाही, नुसतं वितळून जागेवरच बसतं. आवाज फट फट असा तुटायला लागतो, रॉड अर्ध्यापर्यंत लालबुंद होतो. वरून ७०१८ चा वेल्डिंग रॉड मारला की नेमका त्या काळ्या जागी ब्लो होल (वायूचं भोक). पार्टीच्या यूटीवाल्याने दोन सीममध्ये रूटला डिफेक्ट दाखवलेत आणि जॉब उचलायला नकार दिलाय.

करंट वाढवू, की रॉड बदलू, की गौजिंगचा नाद सोडून परत ग्राइंडर धरू? आमचा वेल्डर म्हणतो, कार्बनचा रॉड म्हटल्यावर थोडा कार्बन राहणारच, वर वेल्ड मारला की जळून जातो. हे खरं आहे का?

चाकणचा_वेल्डर:

भाऊ, पहिले पोलॅरिटी बघून घ्या. डीसी रॉड असेल तर टॉर्च प्लसला, अर्थ मायनसला. उलटं जोडलं की आर्क फडफडतो आणि सगळीकडे काळं होतं. आणि करंट वाढवू नका, ८ मिमीला ३५० बरोबर आहे.

जुना_फोरमन:

दादा, आधी तुमच्या वेल्डरच्या बोलण्याबद्दल सांगतो, कारण जास्त नुकसान या समजुतीमुळे होतं. राहिलेला कार्बन नुसता जळून जात नाही. तो वितळलेल्या लोखंडात मुरतो. ई२५० प्लेटमध्ये कार्बन पाव टक्क्याच्याही आत असतो, आणि तुमचा रॉड तर जवळजवळ सगळा कार्बनच. त्याचा एवढासा तुकडा खाचेत राहिला, तरी वेल्ड गार होताना तेवढी जागा कडक आणि ठिसूळ होते. क्रॅक जायला तीच जागा सापडते. थोडा कार्बन ऑक्सिजनशी मिळून वायू होतो आणि तो बाहेर पडायच्या आत वेल्ड गोठतो. तुमचे ब्लो होल तिथून येतात.

माझी उभी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या हेवी फॅब्रिकेशन शॉपांत गेली. बहुतेक ठिकाणी गौजिंग म्हणजे तोडफोड असं धरून चालतात आणि टॉर्च हेल्परच्या हातात देतात. मला हे कधी पटलं नाही. फुल पेनिट्रेशनच्या जॉइंटमध्ये मागचा रूट कसा उघडला यावर पुढचा सगळा वेल्ड उभा राहतो. तिथे शॉपमधला सगळ्यात चांगला हात लावायला हवा.

आता तुमचा रोग. तुम्ही लिहिलंय की हातभर खाच छान निघते आणि मग बिघडते. पोलॅरिटी उलटी असती तर पहिल्या इंचापासूनच रडगाणं असतं. रॉड खराब असता तरी तेच. सुरुवात चांगली आणि पुढे काळं, याचा अर्थ हवा संपतेय. टाकीत साठलेली हवा आहे तोवर काम होतं, साठा उतरला की कॉम्प्रेसर पुरा पडत नाही.

हे नीट समजून घ्या. या कामात आर्क फक्त वितळवतो. लोखंड बाहेर काढते ती हवा. हवा कमी पडली की वितळलेला लोळ तिथेच राहतो, रॉडचा कार्बन पितो आणि काळा होऊन बसतो. गॅस कटिंगमध्ये ऑक्सिजन लोखंडाला जाळतो, तसं इथे काही होत नाही. म्हणून तर गौजिंग स्टेनलेसवर आणि बिडावरही चालतं. पण सगळा भार हवेच्या जोरावर.

हाताने चालवायच्या नेहमीच्या टॉर्चला साधारण २५ ते ३० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते आणि प्रेशर साडेपाच ते सात किलो. ५ एचपीचा कॉम्प्रेसर जेमतेम २० सीएफएम देतो. साडेसात एचपी म्हणजे काठावर, १० एचपी असेल तर निर्धास्त.

कॉम्प्रेसरवरच्या गेजवर विसंबू नका. टॉर्चच्या मागे टी टाकून तिथे गेज लावा आणि वाल्व उघडा ठेवून, हवा वाहत असताना रीडिंग घ्या. हवा बंद असताना सगळीकडे सात किलोच दिसणार. वाहती हवा किती आहे ते कळवा, आणि नळी कोणती आहे तेही. मग पुढचं बोलू.

भोसरीचा_फॅब:

काका, मला अरे-तुरे केलंत तरी चालेल, मी तुमच्या मुलाच्या वयाचा असेन.

आज गेज लावून बघितलं. कॉम्प्रेसरवर साडेसात किलो. टॉर्चजवळ हवा सोडल्यावर सुरुवातीला चार, आणि मिनिटभरात तीनच्या खाली. नळी पेंटिंगच्या स्प्रेगनची आहे, पाव इंची, पार शॉपच्या दुसऱ्या टोकापासून आणलेली, मध्ये दोन क्विक कपलर. पोलॅरिटी बरोबर आहे, टॉर्च प्लसलाच आहे.

अजून एक विचारायचं होतं. टॉर्चच्या तोंडाला हवेची भोकं आहेत ती रॉडच्या वर ठेवायची की खाली? आमच्याकडे दोघं दोन तऱ्हेने धरतात.

जुना_फोरमन:

मग सापडलं. साडेसातचे तीन झाले, बाकीचे नळीने आणि कपलरने खाल्ले. ती पाव इंची नळी काढून टाक. आतून किमान तीन अष्टमांश इंच हवी, लांब न्यायची असेल तर अर्धा इंच. क्विक कपलरचं भोक आत फार बारीक असतं, नळी कितीही मोठी घेतलीस तरी हवा तिथेच अडते. त्याजागी सरळ निपल आणि क्लिप लाव. कॉम्प्रेसर जॉबच्या जवळ आण, पण ठिणग्यांच्या वाटेत ठेवू नकोस. आणि टाकीतलं पाणी रोज सकाळी काढत जा, आपल्याकडे पावसाळ्यात ते भराभर साठतं.

भोकांचं विचारलंस ते बरं केलंस. भोकं रॉडच्या खाली, म्हणजे मागच्या अंगाला. रॉडचं टोक जायच्या दिशेकडे झुकलेलं असतं, हात मागे असतो आणि आपण पुढे ढकलत जातो. झोत रॉडच्या खालून, आर्कच्या बरोबर मागून येतो आणि वितळलेलं लोखंड पुढे फेकतो. भोकं वर आली की हवा रॉडच्या पाठीवरून निघून जाते आणि खाली लोळ तसाच राहतो. तुमच्या दोघांपैकी एकाची खाच जास्त काळी येत असणार, उद्या निरखून बघ.

आता हाताचं काम.

रॉड टॉर्चच्या बाहेर सहा-सात इंचांपेक्षा जास्त काढायचा नाही. जळत जळत तीन इंचांवर आला की थांबायचं आणि पुढे सरकवून परत धरायचा. नाहीतर टॉर्चचं तोंड भाजतं. तुझा रॉड अर्ध्यापर्यंत लाल होतो, त्याला रॉड जास्त बाहेर असणं हे एक कारण आणि हवा कमी हे दुसरं. टोकाजवळचं तांबं थोडं मागे जळणं ठीक आहे. दोन-तीन इंच मागेपर्यंत जळायला लागलं तर करंट कमी कर.

हवा आधी, आर्क नंतर. थांबताना उलट, आर्क तुटल्यावरच हवा बंद. रॉड हलका टेकवून आर्क घ्यायचा, पण वेल्डिंगच्या रॉडसारखा मागे उचलायचा नाही. आर्क आखूडच ठेवायचा आणि लगेच पुढे निघायचं. कार्बन सर्वांत जास्त चिकटतो तो इथे, सुरुवातीच्या टिचकीला. रॉड लोखंडाला घासला, की झाला डाग. असा डाग पडला तर त्याच्यावरून पुढे जायचं नाही. इंचभर मागे येऊन परत सुरू करायचं आणि डाग खालून उचलून काढायचा.

खोली वेगावर आणि कोनावर. रॉड उभा धरला आणि हळू चाललं की खाच खोल जाते, आडवा धरून जोरात चाललं की उथळ. साधारण ३५ ते ४५ अंशांवर हात बसव. रुंदी रॉडच्या जाडीपेक्षा तीनेक मिमी जास्त येते, म्हणजे तुझ्या ८ च्या रॉडने ११ च्या आसपास. एका पासमध्ये सहा मिमीच्या खाली घुसायचा हट्ट नको. खोल जायचं असेल तर दोन पास घे, खाच हातात राहते.

आणि कान लावून काम कर. बरोबर चाललं असेल तर एकसलग फुसकारा येतो, तुटत नाही. फट फट सुरू झालं की हात थांबव आणि आधी हवा बघ.

मशीनचंही बघून घे. तुझा रेक्टिफायर ६० टक्के ड्यूटी सायकलला (दहा मिनिटांत सहा मिनिटं चालवायला) ४०० चा असेल, तर ३५० वर दहा मिनिटांत साडेसात मिनिटांच्या वर चालवू नकोस. केबल तांब्याची ७० स्क्वेअर मिमीची घे आणि अर्थ क्लॅम्प जॉबलाच लाव, टेबलाला नको.

गौजिंग झाल्यावर ग्राइंडर सुटत नाही. नीट केलेल्या खाचेतही वर पातळ कडक थर राहतो. अर्धा ते एक मिमी ग्राइंड करून लोखंड पांढरं दिसेपर्यंत जायचं. इथे एक गोष्ट मी पोरांना जवळ बसवून दाखवायचो. चाक हलकं टेकवा आणि ठिणग्या बघा. साध्या माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ जातात, टोकाला कुठे एखादी फाटते. चाक कार्बनच्या जागेवर आलं की झोत आखूड होतो आणि फुलबाजीसारखा तडतडून फुटतो. शॉपचा लाइट थोडा कमी केला तर नवख्या पोरालाही फरक दिसतो. तरी शंका राहिली तर कानस ओढ. चांगल्या जागी कानस धरते, कडक जागी नुसती घसरते. तिथे अजून ग्राइंड करायचं. हे करायला मीटरमागे फार वेळ जात नाही, आणि यूटीला तोंड वर करून उभं राहता येतं.

पिरंगुट_क्यूसी:

काकांनी ठिणग्यांचं लिहिलंय ते वाचून बरं वाटलं. मी प्रोसेस इक्विपमेंटच्या शॉपमध्ये तपासणीचं काम करते. माझ्याकडून थोडी भर.

ग्राइंडिंग झाल्यावर वेल्ड चढवायच्या आधी खाचेची डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, रंगाने भेग दाखवणारी) करा. पार्टीने मागितली नसेल तरी करा. सगळं धरून अर्धा तास जातो आणि पुढे यूटीत सापडणारा रूटचा क्रॅक किंवा अर्धवट पेनिट्रेशन आधीच लाल रेघ होऊन समोर येतं. खाच गरम असताना पेनिट्रंट मारू नका, आधी ५० अंशांच्या खाली येऊ द्या. पुसताना क्लीनर थेट खाचेत फवारायचा नाही, कपड्यावर घेऊन पुसायचं. नाहीतर भेगेत शिरलेला रंगही धुऊन जातो. टेस्ट झाली की रंग आणि पावडर पूर्ण साफ करा, त्यावर वेल्ड मारला तर पुन्हा पोरोसिटी म्हणजे ब्लो होलच मिळतील.

अडकलेल्या दोन सीमबद्दल: यूटीवाल्यांकडून डिफेक्टची लांबी आणि कोणत्या बाजूने किती खोल, हे लिहून घ्या. जवळच्या बाजूने उघडा. डिफेक्टच्या दोन्ही टोकांना थोडं पुढेपर्यंत जा आणि टोकं उतरती ठेवा, उभी भिंत सोडू नका. खाचेचा तळ गोल आणि बाजू उघड्या हव्यात, म्हणजे रॉड तळापर्यंत पोचतो. खोल आणि अरुंद खाचेत स्लॅग अडकतो आणि तीच जागा परत फेल होते.

पुढे कधी स्टेनलेसचं काम आलं तर मात्र जपून. ३०४एल मध्ये कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत ठेवलेला असतो तो गंज लागू नये म्हणूनच. तिथे गौजिंगचा कार्बन राहिला तर तो क्रोमियम धरून बसतो आणि तेवढी जागा गंजाला उघडी पडते. आमच्याकडे स्टेनलेसला शक्यतो ग्राइंडिंग किंवा प्लाझ्मा गौजिंग करतो, त्यात कार्बन येतच नाही. लो अलॉय किंवा हाय टेन्साइल प्लेट असेल तर वेल्डिंगला जेवढा प्रीहीट (प्लेट आधी गरम करणं) सांगितलाय तेवढाच गौजिंगलाही द्या. थंड प्लेटवर आर्क मारला की कडा कडक होऊन फुटतात.

भोसरीचा_फॅब:

मॅडम, काका, खूप आभार. यूटीवाल्यांकडून स्केच मागवलंय. शेजारच्या शॉपमधून १० एचपीचा कॉम्प्रेसर भाड्याने मिळतोय. फक्त शेजारी आवाजावरून वैतागलेत. कानाला काय वापरता?

तळवडे_सेफ्टी:

हे विचारलंत ते फार महत्त्वाचं. गौजिंगचा आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो, बंद शेडमध्ये ११५ पर्यंतही. कारखान्यांच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि ११५ ला फक्त १५ मिनिटं. कापसाचे बोळे चालत नाहीत. आत प्लग आणि वर इअरमफ, दोन्ही लावा. टॉर्च धरणाऱ्यालाच नाही, बाजूला उभ्या हेल्परलाही. या धंद्यात पन्नाशीला पोचलेली किती माणसं समोरून बोललेलं पुन्हा विचारतात ते तुम्हीही पाहिलं असेल. गेलेला कान परत येत नाही.

काच १२ नंबरची, वेल्डिंगची १० नंबर इथे कमी पडते. धुरात लोखंडाबरोबर तांबंही असतं, म्हणून शटर उघडं, पंखा बाजूने आणि तोंडाला फ्यूमचा मास्क.

आगीचं सांगतो. हवेच्या जोराने लाल गोळे फार लांब जातात. पुढच्या बाजूला किमान ११ मीटर मोकळं ठेवा, जमत नसेल तर जाड पत्र्याचा आडोसा उभा करा. थिनर, पेंट, लाकडी पॅकिंग, गॅस सिलिंडर काहीही समोर नको. शेजारच्या गाळ्याची भिंत पत्र्याची असेल तर पलीकडे काय ठेवलंय तेही जाऊन बघा. काम संपल्यावर तासभर एक माणूस पाण्याची बादली आणि एक्स्टिंग्विशर घेऊन तिथेच थांबला पाहिजे.

आवाजासाठी शेजाऱ्यांशी बोलून वेळ ठरवून घ्या. आमच्या लाइनमध्ये गौजिंग एकत्र करून दुपारच्या एका ठरलेल्या वेळेत उरकतात.

भोसरीचा_फॅब:

मंडळी, झालेलं कळवतो. अर्धा इंची नळी टाकली, कपलर काढले, १० एचपीचा कॉम्प्रेसर लावला. टॉर्चजवळ वाहती हवा सहा किलो टिकते. करंट तोच ३५०. आवाज पहिल्यांदाच सलग आला, आणि रॉड लाल होणं थांबलं. भोकं वर धरणारा आमचा मोठा वेल्डरच निघाला, त्याला काकांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. त्याने स्वतः टॉर्च फिरवून परत खाच काढली आणि आता तोच बाकीच्यांना दाखवतोय. ठिणग्यांचं तर सगळ्यांनी गर्दी करून बघितलं. जुन्या खाचेच्या एका तुकड्यावर चाक लावलं, तिथे अक्षरशः तडतडलं.

दोन्ही सीम उघडून डीपी केली. एकीत बोटभर लाल रेघ आली, अजून तीनेक मिमी खाली गेल्यावर ती गेली. आता ७०१८ ओव्हनमधून काढून भरणं चालू आहे. गुरुवारची सुट्टी मध्ये येतेय, यूटी शुक्रवारी.

शेवटचा प्रश्न: रॉडचं एक खोकं शेडच्या गळतीत भिजलंय. फेकू का?

जुना_फोरमन:

शाब्बास. मोठ्या वेल्डरने स्वतः टॉर्च धरली ना, मला तेवढंच हवं होतं.

रॉड फेकू नकोस. भिजलेला रॉड तसाच वापरला तर आर्क लागल्यावर आतली वाफ त्याला फोडते आणि तुकडे अंगावर येतात, म्हणून ओला रॉड टॉर्चला लावायचा नाही. १५० अंशांना आठ-दहा तास ओव्हनमध्ये ठेव. मात्र ७०१८ च्या ओव्हनमध्ये दोन्ही एकत्र नको, कार्बनच्या रॉडचं पाणी त्यांना लागेल. गुरुवारी शॉप बंदच आहे, तर ७०१८ बाहेर काढून हवाबंद डब्यात ठेव आणि बुधवारी संध्याकाळी कार्बनचे लाव. वॉचमनला सांगून ठेव म्हणजे रात्री कुणी मेन स्विच पाडणार नाही. शुक्रवारी ७०१८ परत पूर्ण बेक करूनच वापर. वाळलेल्या कार्बनच्या रॉडचं तांबं कुठे सुटलंय का ते एकेक फिरवून बघ, सुटलेले तेवढे बाजूला काढ.